कॅम्पसचा हिशेब

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा प्रकल्प करावा लागतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजातून बाहेर पडलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. विषय ठरलेले असतात: जलप्रदूषण, ओझोनचा थर, सौरऊर्जा, नाहीतर जवळच्या एखाद्या धरणाला दिलेली भेट. मागच्या वर्षीच्या कुणाची वही मिळाली तर एका रात्रीत काम उरकतं. नाही मिळाली तर कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला मदतीला असतोच. प्रस्तावना, रंगीत चित्रं, निष्कर्ष, सरांची सही, आणि विषय मिटला.

या वहीमागे मात्र सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. बरीच वर्षं चालढकल झाली. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सगळ्या शाखांना लागू झाला. त्या अभ्यासक्रमात क्षेत्रकामाचाही भाग आहे. म्हणजे कॉलेजच्या आवारात हिंडायचा, मोजायचा, प्रश्न विचारायचा अधिकृत परवाना वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही मिळालेला आहे. आपण त्यावर ओझोनचं चित्र चिकटवून मोकळे होतो.

त्या परवान्याचं काय करता येईल, ते या प्रकरणात पाहू. कॉलेजात उत्साहाची कधीच टंचाई नसते. तो दर जूनला नव्याने येतो आणि दर मे महिन्यात सामान बांधून निघून जातो. मागे राहतात ते आकडे, ठराव आणि करार. म्हणून कॅम्पससाठी काही करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची कामं तीन: मोजणं, मोजलेलं निर्णय होतो तिथपर्यंत पोचवणं, आणि जाताना ते पुढच्या बॅचच्या हाती देणं.

आधी वीजबिल

सुरुवात वीजबिलापासून करावी, कारण ते दर महिन्याला येतं, त्यावर आकडे छापलेले असतात आणि त्याबद्दल प्राचार्यांनाही आस्था असते. मागच्या तीन वर्षांची बिलं लेखा विभागात मिळतात. ती महिनावार मांडली की आवाराचं वेळापत्रकच समोर येतं. एप्रिलमध्ये आकडा चढणार, हे कुणालाही सांगता येईल. खरी माहिती सुट्टीच्या महिन्यांत असते. वर्ग बंद, हॉस्टेल रिकामं, तरी बिल निम्म्यावर का येत नाही?

त्याचं उत्तर शोधायला उपकरण लागत नाही. शनिवारी संध्याकाळी कॉलेज बंद होताना मीटरवरचा आकडा लिहून घ्यायचा आणि सोमवारी सकाळी उघडताना पुन्हा लिहायचा. मधला फरक म्हणजे रिकाम्या इमारतीने खाल्लेली वीज. त्यातला प्रयोगशाळेतल्या फ्रिजचा वाटा रास्त असतो. पण कोणी पाणी प्यायला येणार नाही हे माहीत नसलेले वॉटर कूलर, पडदा काळा करून जागे राहिलेले संगणक, दिवसाउजेडी जळणारे जिन्यातले दिवे आणि टाकी भरली तरी चालू राहिलेला पंप हेही त्यात सापडतात. हे दोष दूर करायला बहुतेक वेळा पैसे लागत नाहीत. एक टायमर आणि चाव्यांची जबाबदारी असलेल्या शिपाईमामांशी नीट बोलणं, एवढ्यावर भागतं.

पैसे लागतात तिथे गणित मांडावं. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. कॉलेजात २०० पंखे आहेत, ते वर्षातले २०० दिवस रोज आठ तास फिरतात असं धरू. प्रत्येक पंख्यामागे ४५ वॉट वाचले तर वर्षाला १४,४०० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर १,४४,००० रुपये. आपल्या देशात कोळशावरची वीज बरीच असल्याने एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे तेवढ्या युनिटांमागे १० टन. नवा पंखा ३,००० रुपयांना पडला तर सहा लाखांचा खर्च, आणि तो वसूल व्हायला चार वर्षांहून थोडा अधिक काळ.

इथेच अडचण आहे. पदवीचा विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो. ज्या बॅचने प्रस्ताव दिला तिला फायदा कागदावर दिसायच्या आत निरोप समारंभ होऊन जातो. सगळे पंखे एकदम बदलायचा प्रस्ताव त्यामुळे अर्ध्यातच विरतो. त्याऐवजी ‘यापुढे बिघडलेला प्रत्येक पंखा बदलताना बीएलडीसीच घ्यायचा’ असा एका ओळीचा ठराव खरेदी समितीकडून करून घेतला, तर तो पुढची दहा वर्षं कुणाच्याही उत्साहाशिवाय काम करतो.

सवयींचं काय? त्याबद्दल एक चांगला प्रयोग नोंदलेला आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजात प्राध्यापक जॉन पीटरसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००५ साली हॉस्टेलांमध्ये दोन आठवड्यांची वीजबचतीची स्पर्धा घेतली. काही इमारतींत वापराचा आकडा पडद्यावर सतत दिसत होता, बाकीच्यांना तो आठवड्यातून एकदा कळत होता. एकंदर वीजवापर ३२ टक्क्यांनी उतरला. आकडा सतत दिसणाऱ्या ठिकाणी घट ५५ टक्के होती, आठवड्याने कळणाऱ्या ठिकाणी ३१ टक्के. त्याच स्पर्धेत पाण्याचा वापर मात्र जेमतेम ३ टक्क्यांनी घटला. आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस बदलतो, पण प्रत्येक गोष्टीत सारखा बदलत नाही, हे ध्यानात ठेवून पुढे जावं. हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्याला वेगळा मीटर नसेल तर स्पर्धा घेऊ नये. कोण जिंकलं हेच कळणार नाही.

टँकरमध्ये मोजलेला पाऊस

पाण्याचं गणित विजेपेक्षा सोपं आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कॉलेजचं छत १,००० चौरस मीटरचं असेल तर सात लाख लिटर झाले. उडून, सांडून, गाळात जाऊन वीस टक्के गेले तरी ५,६०,००० उरतात. समितीसमोर हा आकडा लिटरमध्ये ठेवू नये. दहा हजार लिटरचे ५६ टँकर म्हणावं. उन्हाळ्यात टँकरचं बिल ज्यांनी भरलं आहे, त्यांना ते लगेच कळतं.

अर्थात हा सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि गरज मार्चनंतर लागते. एवढं पाणी टाक्यांत भरून ठेवणं परवडत नाही, म्हणून ते गाळून विहिरीत, बोअरमध्ये किंवा तळ्यात सोडायचं असतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा सुमारे ८५३ एकरांचा परिसर या बाबतीत पाहण्यासारखा आहे. डोंगरउतारावरून वाहून जाणारं पाणी तळ्यांत आणि शेततळ्यांत अडवून, विहिरींना बळ देऊन स्वतःची गरज भागवण्याचं धोरण विद्यापीठाने धरलं. विद्यार्थ्यांनी अशा ठिकाणी श्रमदान करावंच, पण त्याआधी आपल्या आवारातली जुनी विहीर कुठे आहे, ती बुजवली का, हे शोधावं. अनेक जुन्या कॉलेजांत अशी विहीर जाळी टाकून विसरलेली असते. ती कधी उपसली होती, हे कार्यालयापेक्षा तिथल्या जुन्या माळ्याला जास्त ठाऊक असतं.

छोट्या गोष्टीही मोजाव्यात. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो. पिण्याच्या पाण्याचा छोटा आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. त्याची नळी बहुधा थेट गटारात गेलेली असते. ती एका पिंपात वळवली की फरशी पुसायचं आणि स्वच्छतागृहांचं बरंच पाणी सुटतं.

मेसच्या मागच्या दाराशी

हॉस्टेलच्या मेसमध्ये ‘अन्न वाया घालवू नका’ अशी पाटी असते आणि तिच्याखालीच खरकट्याचं पिंप असतं. पाटी लिहिणाऱ्याने सगळा दोष जेवणाऱ्याच्या माथी मारलेला असतो. तो खरा आहे का, हे दोन आठवड्यांत कळतं. पिंपं दोन ठेवायची. एकात ताटातलं उष्टं, दुसऱ्यात पातेल्यात उरलेलं न वाढलेलं अन्न. रोज दोन्हींचं वजन करायचं आणि शेजारी त्या दिवशीचा बेत लिहायचा.

ताटातलं वजन ठरावीक भाजीच्या दिवशी वाढत असेल तर प्रश्न चवीचा आहे, संस्कारांचा नाही. पातेल्यातलं वजन शुक्रवारी रात्री वाढत असेल तर कारण एसटी स्टँडवर सापडेल: मुलं गावाला गेली आणि स्वयंपाक सगळ्यांचा झाला. त्यावर उपाय म्हणजे दुपारपर्यंत नाव नोंदवायची यादी. ती पाळली जावी असं वाटत असेल तर नाव न नोंदवणाऱ्याचे त्या जेवणाचे पैसे परत मिळतील, अशी अट मेसच्या करारात घालावी लागते. करार दरवर्षी नव्याने होतो. तो कोणत्या महिन्यात होतो, हे विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं.

एवढं करूनही जे उरतं, त्यासाठी बायोगॅस आहे आणि त्यात महाराष्ट्राने मोलाचं काम केलं आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र विकसित केलं आणि त्याला २००६ मध्ये ऍशडेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार सरळ आहे. शेणातलं सहज पचण्याजोगं सगळं जनावराने आधीच काढून घेतलेलं असतं, म्हणून गोबरगॅसला शेण पुष्कळ लागतं आणि वेळही लागतो. भात, पीठ, फळांचा गर यांतली पिष्टमय द्रव्यं आणि साखर जिवाणूंना आयती मिळते, म्हणून थोड्या खाद्यात आणि थोड्या वेळात गॅस तयार होतो. मोठ्या स्वयंपाकघरांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे तंत्र विकसित केलं. त्यात ओला कचरा आधी वाटून पातळ करतात, त्यावर हवेत वाढणाऱ्या जिवाणूंचं काम होतं आणि मग हवाबंद टाकीत मिथेन तयार होतो.

असं संयंत्र बसवण्याचा प्रस्ताव देताना क्षमता आणि किंमत सगळेच लिहितात. त्यात आणखी दोन ओळी हव्यात. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मेस बंद असताना टाकीतल्या जिवाणूंना कोण जेवायला घालणार? आणि खरकट्यातले प्लास्टिकचे तुकडे, चमचे, लिंबाची सालं रोज कोण वेचून काढणार? या दोन प्रश्नांपुढे एखाद्या माणसाचं नाव आणि त्याचा पगार लिहिलेला नसेल, तर उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर टाकी गंजत पडायला वेळ लागत नाही.

कचरा उचलणारे हात

विद्यापीठाने कचऱ्याच्या प्रश्नात हात घातला तर काय होऊ शकतं, याचा धडा पुण्यातच आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागात काम करणाऱ्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण १९९० च्या सुमारास कचरावेचक बायका-मुलांना शिकवण्याच्या कामात होत्या. शिकवता शिकवता त्यांच्या ध्यानात आलं की या बायकांचा दिवस कचराकुंडीत हात घालण्यात जातो. घराघरांत कचरा वेगळा केला तर तेच काम कमी घाणीत आणि जास्त मोबदल्यात होऊ शकतं. त्या कामातून पुढे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली भरलेल्या परिषदेत ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था पुण्यात दारोदार कचरा गोळा करू लागली. एका विद्यापीठाच्या विस्तारकार्यातून एका शहराच्या कचऱ्याची पद्धत बदलली.

ही गोष्ट सांगायचं कारण असं की कॅम्पसवरचा कचरा वेगळा करण्याचे बहुतेक उपक्रम रंगीत डब्यांच्या खरेदीपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. हिरव्या आणि निळ्या डब्यातला कचरा संध्याकाळी एकाच गाडीत ओतला जातो, हे विद्यार्थ्यांनी एकदा पाहिलं की दुसऱ्या दिवसापासून कुणी वेगळं टाकत नाही. म्हणून पहिला दिवस सफाई करणाऱ्या मावशींबरोबर घालवावा. त्या कचरा कुठे नेतात, कोणतं भंगार बाजूला काढतात, ते कोण विकत घेतं, कशाने हात कापतो, हे त्यांना विचारावं. बहुतेक कॅम्पसवर कचरा वेगळा करण्याची एक पद्धत आधीपासून चालू असते. ती त्या मावशींनी स्वतःच्या पदराला चार पैसे पडावेत म्हणून चालवलेली असते. नवी योजना आखताना ती कमाई त्यांच्या हातून काढून घेतली, तर योजना पहिल्या महिन्यातच अडते, आणि अडायलाही हवी.

कायद्याचा आधारही आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरानिर्माते ठरवलं आणि विद्यापीठं, हॉस्टेलं त्यांत धरली. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. आपल्या आवारात रोज किती किलो कचरा निघतो, हे मोजलेलं असेल तर प्राचार्यांशी होणारं बोलणं विनंतीच्या सुरात करावं लागत नाही.

नोंद असलेलं झाड

वृक्षारोपणाबद्दल एकच सांगतो: लावण्याआधी आहेत ती झाडं मोजावीत. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन शहरी भागातल्या पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा देण्याची तरतूद आली. जुन्या कॉलेजांच्या आवारात असे वृक्ष भरपूर असतात. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरातल्या गोरखचिंचा तर मुद्दाम पाहायला जाव्यात अशा आहेत. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जात, खोडाचा घेर आणि जागा यांची यादी केली, तर नवं पार्किंग आखताना ती स्थावर विभागाच्या टेबलावर ठेवता येते. पक्ष्यांसाठी दर फेब्रुवारीत होणारी ‘कॅम्पस बर्ड काउंट’ आहे. २०१५ पासून देशभरातले विद्यार्थी तिच्यात आपापल्या आवारातले पक्षी मोजून नोंदवतात.

अशा याद्यांची किंमत एरवी कळत नाही. २०२५ च्या मार्चअखेरीस हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीतल्या ४०० एकरांवर यंत्रं फिरू लागली तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं. त्या दिवसांत घोषणांच्या जोडीने तिथल्या पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या, विद्यार्थ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी आधीच केलेल्या नोंदी लोकांसमोर आल्या. ‘इथे जंगल आहे’ असं म्हणणं आणि तिथल्या प्रजातींची यादी पुढे ठेवणं, या दोहोंत किती अंतर आहे ते तेव्हा दिसलं.

दारं कुठे आहेत

आकडे जमले की ते कुणाला द्यायचे? पर्यावरण दिनाच्या भिंतीपत्रकावर लावले तर आठवड्याभरात उतरतात. निर्णय होणारी दारं वेगळी आहेत आणि त्यांतली काही विद्यार्थ्यांसाठी उघडीच आहेत.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष आणि सचिवाला जागा आहे. कॉलेजचा अर्थसंकल्प याच समितीपुढे येतो. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातही विद्यार्थी प्रतिनिधी असतो. या कक्षाला आपली गरज आपल्याला वाटते त्याहून जास्त असते. नॅकच्या मूल्यांकनाच्या सातव्या निकषात पर्यायी ऊर्जा, कचरा, पाणी आणि हरित लेखापरीक्षण यांवर प्रश्न असतात. भेटीचं वर्ष जवळ आलं की कॉलेज बाहेरून संस्था बोलावून अहवाल करून घेतं. विद्यार्थ्यांनी तीन वर्षं सलग ठेवलेल्या नोंदी त्या अहवालापेक्षा भक्कम असतात, हे कक्षाच्या समन्वयकांना पटवायला फार कष्ट पडत नाहीत.

कामाचे तास कुठून आणायचे, हाही प्रश्न असतोच. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यातले काही तास मीटर वाचायला आणि पिंपं तोलायला देता येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली ‘कमवा आणि शिका’ योजना अनेक ठिकाणी चालू आहे. तिच्यातून बागेचं, खताच्या खड्ड्यांचं काम मोबदला देऊन करवता येतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांकही आहेत. फुकटच्या उत्साहापेक्षा तास, पैसे किंवा श्रेयांक यांच्याशी बांधलेलं काम परीक्षेच्या महिन्यातही चालू राहतं.

आणि कुणी माहितीच देत नसेल तर? सरकारी किंवा अनुदानित संस्थेत २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो. पण तो शेवटी. आधी लेखा विभागात दोनदा जाऊन, कारण सांगून बिलं मागावीत. बहुतेक वेळा कारकून ती काढून देतो, आणि असं काही मागायला आलेलं त्याने पाहिलेले तुम्ही पहिलेच असता.

पैशासाठीही एक वाट दाखवलेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये मतदान घेऊन स्वतःवर दर सत्राला पाच डॉलरची फी लावून घेतली. त्या निधीतून कॅम्पसवरच्या पर्यावरणाच्या कामांना पैसे मिळू लागले. आपल्याकडे नवी फी सुचवणं अवघड आहे आणि गरीब विद्यार्थ्याचा विचार करता योग्यही नाही. मात्र वाचलेल्या वीजबिलातला अर्धा भाग पुढच्या दुरुस्त्यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा, असा ठराव विकास समितीत मांडता येतो. पहिली बचत टायमर आणि बंद केलेल्या कूलरांतून बिनखर्चाची येते. तिच्यातून पंखे, आणि पंख्यांच्या बचतीतून आणखी काही.

जाण्याआधीचं काम

शेवटचं वर्ष सुरू झालं की कामाचा निम्मा वेळ निघायच्या तयारीत घालवावा. प्रत्येक नोंदीला दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी जोडून द्यावा आणि त्याच्याकडून ती दोन महिने आपल्या देखत करून घ्यावी. वही एका मुलाच्या ड्राइव्हवर न ठेवता ग्रंथालयात किंवा गुणवत्ता कक्षात, कॉलेजच्या नावाने ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर मीटर कुठे आहे, चावी कुणाकडे असते, मेसचा करार कोणत्या महिन्यात होतो, विकास समितीच्या बैठका कधी असतात आणि कोणते प्रस्ताव कशामुळे फेटाळले गेले, हे लिहावं. फेटाळलेल्या प्रस्तावांचं पान सर्वांत उपयोगी पडतं. त्यामुळे पुढची बॅच तीच चूक करण्यात आपलं एक वर्ष घालवत नाही.

पदवी घेऊन बाहेर पडल्यावर वर्षभराने कॉलेजात एक फोन करावा आणि या महिन्याचं मीटरवाचन लिहिलं का, एवढंच विचारावं. उत्तर ‘हो’ आलं तर तुमचं काम रुजलं. ‘नाही’ आलं तर माजी विद्यार्थी मेळाव्याला जाताना ती वही मागून घ्या आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पर्यावरणाचा प्रकल्प कोण शिकवतं, ते विचारा. तिथे दर जूनला नवे विद्यार्थी येतात आणि त्यांना सगळ्यांना विषय हवा असतो.